ब्रेक-डिस्क बदलण्यापूर्वी

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील पियाजिओचा कारखाना दीर्घकाळ ओळखला गेला तो ‘आपे’ या तीनचाकीमुळे. याच कारखान्यातून २०१२ मध्ये ‘व्हेस्पा’ भारतीय रस्त्यांवर परतली, २०१६ मध्ये ‘एप्रिलिया एसआर १५०’ ही स्पोर्ट्स स्कूटर आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ‘एप्रिलिया आरएस ४५७’ ही खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स म्हणता येईल अशी मोटरसायकल बाजारात दाखल झाली. या तीन वाहनांच्या पुढच्या चाकाकडे क्रमाने पाहिले, तरी दहा-अकरा वर्षांतील बदल ध्यानात येतो. २०१२ च्या व्हेस्पाला पुढे डिस्क नव्हती, १५० मिलिमीटरचा ड्रम ब्रेक होता. त्यावर टीका झाली आणि पुढील वर्षीच्या आवृत्तीत २०० मिलिमीटरची डिस्क आली. एसआर १५० ला २२० मिलिमीटरची डिस्क मिळाली. आरएस ४५७ च्या पुढच्या चाकावर ३२० मिलिमीटरची चकती आणि तिला धरणारा चार पिस्टनांचा कॅलिपर आहे. मागे २२० मिलिमीटरची डिस्क आहे. कॅलिपरवर ‘बायब्रे’ हे नाव दिसते. ते ब्रेम्बो या इटालियन कंपनीचे लहान व मध्यम दुचाकींसाठीचे नाव होय. ब्रेम्बोचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे.

अशी गाडी हाती आली की हौशी मालकाचे लक्ष लवकरच सुट्या भागांच्या दुकानाकडे वळते. सायलेन्सर आणि आरसे यांच्यानंतर क्रमांक लागतो तो ब्रेकच्या चकतीचा. पाकळ्यांच्या आकाराची, सोनेरी मध्यभागाची, भोकांची नक्षी असलेली डिस्क चाकावर उठून दिसते, हे खरेच. मात्र सायलेन्सर चुकीचा निवडला तर शेजारी वैतागतात. डिस्क चुकीची निवडली तर परिणाम निराळा होतो.

ब्रेकचे काम गाडी थांबवणे असे आपण म्हणतो. पदार्थविज्ञानाच्या भाषेत ते गतीचे उष्णतेत रूपांतर करण्याचे काम आहे. आरएस ४५७ चे इंधनासह वजन १७५ किलो; त्यावर ७५ किलोचा चालक बसला की एकूण २५० किलो होतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एवढ्या वस्तुमानात सुमारे ९६ किलोज्यूल ऊर्जा असते. एक लिटर पाण्याचे तापमान २३ अंशांनी वाढवील एवढी ही उष्णता तीन-चार सेकंदांत काही मिलिमीटर जाडीच्या पोलादी कड्याला पोटात घ्यावी लागते. वेग निम्मा केला तर ही ऊर्जा निम्मी न होता चौथाई होते, म्हणजे २४ किलोज्यूल. दीड टनाच्या मोटारीत हीच ऊर्जा, त्याच वेगाला, सहापट असते. म्हणूनच मोटारीची चकती जाड, बिडाची आणि दोन थरांमध्ये हवा खेळण्यासाठी पोकळी ठेवलेली असते, तर दुचाकीची पातळ आणि गंज न धरणाऱ्या पोलादाची. बीड उष्णता चांगली वाहून नेते, पण पावसात एका रात्रीत तांबूस होते. दुचाकीची चकती उघड्यावर सर्वांना दिसते, त्यामुळे तेथे बिडाला स्थान मिळाले नाही.

चकतीचा व्यास वाढवल्याने नेमके काय साधते? पॅड चकतीला जेथे धरतो ते अंतर आसापासून जितके लांब, तितका तरफेचा फायदा अधिक. ३०० ऐवजी ३२० मिलिमीटरची चकती बसवली तर बोटांच्या त्याच जोरात चाकावर साधारण सात टक्के अधिक पकड मिळते. हा लाभ खरा आहे. पण तो कोठवर उपयोगी पडतो हे टायर ठरवते. लिव्हर पूर्ण दाबल्यावर एबीएसची थरथर जाणवत असेल, तर त्याचा अर्थ टायरने आपली मर्यादा गाठली आहे. तेथून पुढे चकती कितीही मोठी केली तरी गाडी एक फूटही अलीकडे थांबणार नाही. मोठी चकती बसवायची तर कॅलिपर बाहेर सरकवणारा नवा ब्रॅकेट लागतो. शिवाय जड चकतीचा भार स्प्रिंगच्या खालच्या बाजूला पडत असल्याने खड्ड्यांवर पुढचे चाक अधिक उसळते. म्हणून रस्त्यावर चालवण्याच्या गाडीला उत्पादकाने दिलेलाच व्यास ठेवणे शहाणपणाचे ठरते. बदल करायचाच असेल तर तो चकतीच्या प्रकारात आणि दर्जात करावा.

हा प्रकार म्हणजे काय, यावर दुकानांत बरीच ऐकीव माहिती चालते. चकतीवरील भोके हवा खेळवून तिला गार करण्यासाठी असतात, असा समज रूढ आहे. तो पुरता चुकीचा नाही. पण त्यांचे मोठे काम पावसातले आहे. ओल्या चकतीवरील पाण्याचा थर भोकांच्या कडांवर तुटतो आणि पॅड लवकर धातूला भिडतो. पॅडची झिजलेली पूडही त्यांतून बाहेर पडते. याची किंमत अशी की भोक पाडले तेवढा धातू गेला, म्हणजे उष्णता साठवण्याची क्षमता घटली. शर्यतीच्या मैदानावर वारंवार तापणाऱ्या मोटारींच्या चकत्यांना भोकांच्या कडेने तडे जातात, म्हणून तेथे भोकांऐवजी खाचा पसंत केल्या जातात. पाकळीदार चकतीत वजन थोडे कमी होते. बाकी बरेचसे श्रेय दिसण्याला.

खरा फरक पडतो तो तरंगत्या चकतीने. साधी चकती एकसंध असते आणि बोल्टांनी थेट चाकाला जखडलेली असते. ती तापली की प्रसरण पावू पाहते. पण मध्यभाग थंड आणि जखडलेला असल्याने कडा वाकण्याची शक्यता निर्माण होते. तरंगत्या प्रकारात बाहेरचे पोलादी कडे आतल्या ॲल्युमिनियमच्या चाकतीला छोट्या गोल खुंट्यांनी जोडलेले असते. कड्याला किंचित हालचालीची मुभा राहते आणि ते पॅडच्या मध्ये आपोआप सरळ बसते. मात्र स्वस्त नकलांमध्ये या खुंट्या घट्ट ठोकलेल्या असतात. चकती तरंगती दिसते, तरंगत नाही. हाताने कडे हलवून पाहिल्यास अगदी सूक्ष्म हालचाल जाणवली पाहिजे. कार्बनच्या चकत्यांचा मोह दुचाकीस्वाराने सोडून द्यावा. मोटोजीपीच्या शर्यतीत त्या चालतात, कारण तेथे त्या सतत तापलेल्या असतात. थंड असताना त्या नीट धरतच नाहीत. पोर्शने २००१ मध्ये ९११ जीटी२ ला दिलेल्या चकत्या कार्बन-सिरॅमिकच्या, म्हणजे निराळ्या आणि रस्त्यावर चालणाऱ्या. पण त्यांची किंमत या चर्चेच्या पलीकडची आहे.

आता रस्ता पाहू. बारामतीहून भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाणारा रस्ता म्हणजे संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग. सारा मुलूख सपाट. लांबलचक उतार नाही. दिवे घाटासारखा घाट लागतो तो पुण्याकडे जाताना. म्हणजे ब्रेक सतत तापून निकामी होण्याचा प्रसंग येथे विरळाच. येथील धोका वेगळा आहे. गळीत हंगामात, साधारण दिवाळीपासून होळीपर्यंत, या पट्ट्यातील साखर कारखान्यांकडे उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाने मागचा दिवा झाकला गेला की अंधारात ती थेट समोर येईपर्यंत दिसत नाही. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या चाकांबरोबर ओला चिखल येतो, वर पाचट पडते.

कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरांनिशी, ताशी ८० वेगाची दुचाकी थांबायला सुमारे ३२ मीटर लागतात. त्यापूर्वी चालकाच्या ध्यानात येईपर्यंतच्या एका सेकंदात २२ मीटर निघून गेलेले असतात. चिखल आणि पाचटावर टायरची पकड निम्म्यावर आली तर ३२ चे ६३ मीटर होतात. या हिशेबात चकतीच्या नक्षीला कोठेच जागा नाही. टायर, एबीएस आणि वेग यांना आहे. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना नव्या मॉडेलसाठी एप्रिल २०१८ पासून आणि सर्वच नव्या गाड्यांसाठी एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. पुष्कळ दुचाकींत चाकाची गती मोजणारे दातेरी कडे चकतीलगत बसवलेले असते. बाहेरची चकती बसवताना त्या कड्याची आणि सेन्सरची फट बदलली, तर एबीएस बंद पडू शकते. सात टक्के पकडीच्या मोबदल्यात एबीएस घालवणे हा व्यवहार आतबट्ट्याचा.

म्हणून खर्चाचा क्रम उलटा असावा. सर्वांत आधी टायर. त्यानंतर ब्रेक ऑइल. हे द्रव हवेतील ओल शोषते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल धरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. दर दोन वर्षांनी ते बदलण्याचा खर्च चकतीच्या मानाने नगण्य. यांच्याशी सिलिकॉनयुक्त डॉट ५ मिसळू नये. नावे सारखी असल्याने ही चूक सहज होते. मग चांगले पॅड, मग पोलादी जाळीचे होज. एवढे झाल्यावर लिव्हरमध्ये आलेला फरक पाहूनच चकतीचा विचार करावा.

चकती बदलण्याचे वैध कारण बहुधा एकच असते, ते म्हणजे झीज. किमान जाडीचा आकडा बहुतेक चकत्यांवर कोरलेलाच असतो. मायक्रोमीटरने मोजून तो गाठला असेल तर चकती बदलायलाच हवी. लिव्हरला धडधड जाणवली की ‘डिस्क वाकली’ असे निदान गॅरेजात सर्रास होते. पुष्कळदा ती वाकलेली नसते. पॅडचा थर कमी-अधिक चिकटून पृष्ठभाग असमान झालेला असतो. डायल गेज लावून पाहणारा मिस्त्री गाठावा, तो नवी चकती विकण्याची घाई करणार नाही.

कायद्याचा मुद्दाही आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन अधोरेखित केले. मूळ मापाची चकती बदलणे हा दुरुस्तीचा भाग झाला. कॅलिपर हलवून मोठी बसवली तर वॉरंटीचा आणि अपघातानंतर विम्याचा वाद ओढवू शकतो.

नवी चकती बसवल्यावर पॅडही नवेच घ्यावेत, बोल्ट टॉर्क रेंचने आवळावेत आणि पहिले काही किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत वेग हळूहळू उतरवण्याची क्रिया वीसेक वेळा करावी. मध्ये पूर्ण थांबू नये. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की तेथेच त्याचा ठसा उमटतो, आणि महिनाभरात पुन्हा तीच धडधड सुरू होते.