लॅटिन : संज्ञा व अर्थविस्तार

प्राचीन इटलीतील एका लहान प्रदेशाचे लोक व त्यांची भाषा यांचे नाव. पुढे कायदेशीर दर्जा, ख्रिस्ती उपासनापरंपरा, लिपी आणि भूप्रदेश यांनाही लावली गेलेली संज्ञा. टायबर नदीच्या दक्षिणेकडील लेशियम या सखल प्रदेशाचे मूळ रहिवासी ते लॅटिन होत. रोम हे त्यांच्याच नगरांपैकी एक. इ. स. पू. ३३८ मध्ये रोमने इतर लॅटिन नगरांचा पराभव करून त्यांचा संघ मोडला.

त्यानंतर या नावाचा वंशाशी असलेला संबंध शिथिल झाला. ‘लॅटिन हक्क’ हा परकीय व रोमन नागरिक यांच्यामधला दर्जा ठरला. तो लाभलेल्या नगरात अधिकारपद भूषविणाऱ्यास पूर्ण रोमन नागरिकत्व मिळे. सम्राट व्हेस्पेझ्यन (कार. ६९–७९) याने हा हक्क स्पेनमध्ये सर्वत्र दिला. विधियुक्त रीतीने मुक्त न झालेल्या गुलामांना ‘जूनियन लॅटिन’ म्हणत. ते हयातीत स्वतंत्र असत. परंतु त्यांना मृत्युपत्र करता येत नसे व त्यांची मालमत्ता पूर्वीच्या धन्याकडे जाई.

मध्ययुगात ग्रीकभाषक पूर्वेच्या दृष्टीने पश्चिम यूरोपीय ख्रिस्ती लोक ‘लॅटिन’ होते. चौथ्या धर्मयुद्धातील सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटून तेथे स्थापिलेली सत्ता लॅटिन साम्राज्य (१२०४–६१) म्हणून ओळखली जाते. केरळमधील ‘लॅटिन कॅथलिक’ हे नावही उपासनाविधीवरून आले असून ते सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती समाजांपासूनचे वेगळेपण दर्शविते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत मलयाळम् आली, तरी हे नाव टिकले. मराठीत जिला रोमन लिपी म्हणतात, तिलाच अनेक यूरोपीय भाषांत लॅटिन लिपी असे नाव आहे.

‘लॅटिन अमेरिका’ ही संज्ञा १८५० नंतरच्या दशकात रूढ होऊ लागली. चिलीचा विचारवंत फ्रांथीस्को बिलबाओ याने १८५६ मध्ये पॅरिस येथे ती संयुक्त संस्थानांच्या विस्तारवादाविरुद्ध ऐक्याच्या अर्थाने वापरली. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात मात्र मेक्सिकोतील फ्रेंच हस्तक्षेपाच्या (१८६१–६७) समर्थनार्थ ‘लॅटिन’ वंशबंधुत्वाचाच आधार घेण्यात आला. केचुआ, आयमारा, नावाट्ल व माया भाषा बोलणारे मूळ रहिवासी, तसेच गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज यांचा या नावात निर्देश नाही. ‘लॅटिन’ म्हणजे कोण, हे जन्म किंवा भाषा यांपेक्षा नाव देणाऱ्या सत्तेने अधिक वेळा ठरविले, असे या संज्ञेच्या इतिहासावरून दिसते.