स्त्रीच्या हातचा चाकू

स्त्री आणि शस्त्र हे दोन शब्द जवळ आले कीं आमच्या लेखकांस झांशीची राणी आठवते आणि लेखणी तलवारीच्या मागें धांवूं लागते. तलवारीविषयीं आज आमचें कांहीं म्हणणें नाहीं. आमचा प्रश्न तीन इंची पात्याचा आहे. नागपूर-भंडारा मार्गावरील मौद्याची एखादी तरुणी शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं सकाळीं घर सोडते व दिवेलागणीस परतते. तिनें स्वतःच्या पैशानें आणि स्वतःच्या पसंतीनें, नित्य जवळ बाळगण्यासाठीं पहिला चाकू घ्यावयाचें ठरविलें, तर ती कांहीं नवें करीत आहे काय? आणि तें नवें असेल, तर इतक्या उशिरां कां?

लोखंडाचा तुटवडा हें कारण खास नव्हे. मौदा ज्या कन्हान नदीच्या कांठीं आहे, तिलाच येऊन मिळणाऱ्या पेंच नदीवर नैकुंड हें गांव आहे. शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनीं १९७७ नंतर तेथें केलेल्या उत्खननांत लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली; ती सुमारें २,७०० वर्षांपूर्वींची मानितात. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांतून लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर आणि सुऱ्या निघाल्या आहेत. ज्या मुलखांत इतक्या प्राचीन काळीं लोखंडास धार लागत होती, त्या मुलखांत बाईच्या हाताला पातें मिळालें नसेल हें संभवत नाहीं. तें मिळालेंच होतें. मात्र कोणतें पातें व कोठें, हें पाहिलें पाहिजे.

पहिलें पातें विळीचें, वऱ्हाड-नागपुराकडील पावशीचें. जगांतील बहुतेक स्वयंपाकघरांत सुरी भाजीकडे जाते. आमच्याकडे भाजी पात्याकडे जाते. पातें पाटास जखडलेलें, पाट पायाखालीं दाबलेला, आणि दोन्ही हात मोकळे. सोय म्हणून ही योजना उत्तम आहे आणि तिची निंदा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु जें पातें जागचें हालत नाहीं, तें वापरणारीलाही जागीं बसवून ठेवितें, एवढें नमूद केलें पाहिजे. दुसरें पातें विळ्याचें. धानाच्या कापणीस निघालेली बाई विळा घेऊन भर रस्त्यानें जाते आणि कोणी वळूनही पाहत नाहीं, कारण तो विळा कामाचा आहे आणि काम बहुधा दुसऱ्याचें आहे. ऊसतोडीच्या धंद्यांत तर भाषेनेंच हिशोब चुकता केला आहे. तेथें 'एक कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि एकटें माणूस 'अर्धा कोयता'. मुकादमाची उचल कोयत्यावर ठरते व ती बहुतकरून नवऱ्याच्या हातीं पडते. कोयता बाई चालविते. तिच्या नांवाचा मात्र तो अर्धाही होत नाहीं.

आतां आमचे विधि पाहावे. लग्नांत लिंबू टोंचलेली कट्यार नवरदेवाच्या हातीं असते. नवरीच्या हातीं ती बहुतेक ठिकाणीं नसते. बाळंतिणीच्या उशाखालीं मात्र विळा किंवा चाकू ठेवितात आणि पांचवीच्या पूजेंत विळा-कोयता मांडितात. भूतपिशाचापासून रक्षण व्हावें हा उद्देश. उलट ग्रहणकाळीं गरोदर बाईनें विळीला हात लावूं नये असा दंडक. म्हणजे बाईजवळ पातें केव्हां असावें व केव्हां नसावें, हें ठरविणारे दुसरेच. आणि असावें तें अदृश्य शत्रूसाठीं. दृश्य शत्रूविषयीं शास्त्र आणि रूढि दोन्हीही मुकाट आहेत.

चाकू हा शब्द आमच्याकडे फारसी-तुर्कीच्या वाटेनें आला. घरांत तो शिरला तो पुष्कळ अंशीं लेखनाच्या निमित्तानें. बोरू तासावयास तीक्ष्ण लहान पातें लागतें, म्हणून कारकुनाच्या कलमदानांत चाकू असे. ज्यास अक्षरओळख त्यास बोरू, आणि ज्यास बोरू त्यास चाकू. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ मध्यें मुलींची शाळा काढली, तोंपर्यंत या हिशोबांत मुलगी बहुधा नव्हतीच. पुढें शिसपेन्सिल आली, तिला टोंक करण्याचें यंत्रही आलें, आणि मुलींच्या दप्तरांत चाकू स्थिर होण्याआधींच त्याचें प्रयोजन सरलें.

या सर्वांस एक अपवाद आहे, आणि तो आम्हांस फार प्रिय आहे. तो म्हणजे म्हातारीचा अडकित्ता. कनवटीस किंवा चंचींत, सुपारी, कात आणि चुन्याच्या डबीसह, तो अहोरात्र तिच्याबरोबर फिरे. तो तिचा असे. सुनेनें विचारल्याशिवाय त्यास हात लावावा अशी सोय नसे. मराठी स्त्रीनें नित्य अंगावर वागविलेलें स्वतःचें पातें शोधूं गेल्यास हेंच सांपडतें. मात्र तें उजळ माथ्यानें वागवावयास बहुधा केस पिकावे लागत.

इतरत्र असें नव्हतें. इंग्लंडांतील आरंभींच्या अँग्लोसॅक्सन काळच्या थडग्यांत स्त्रियांच्या कमरेशीं लहान सुरी वारंवार आढळते. ती शौर्याची खूण नसून रोजच्या वापराची वस्तु होती. जपानांत सामुराई घराण्यांतील स्त्रिया पोशाखांत 'काइकेन' नांवाची लहान कट्यार ठेवीत, आणि नवरीच्या पारंपरिक वेषांत ती आजही दिसते. परंतु ती पुष्कळदां अब्रूसाठीं स्वतःवरच चालवावयाची असे. म्हणून तो दाखला आम्ही आदर्श म्हणून देत नाहीं.

नागपुरांतच १३ ऑगस्ट २००४ रोजीं जें घडलें तें टाळून हा विषय लिहितां येत नाहीं. कस्तुरबानगरच्या वस्तीस वर्षानुवर्षें छळणाऱ्या, बायकांवर अत्याचार करणाऱ्या अक्कू यादव नांवाच्या गुंडास जमावानें भर न्यायालयांत ठार मारिलें, आणि त्यांत वस्तींतील स्त्रिया पुढें होत्या. तक्रारी करून त्या थकल्या होत्या. त्यांच्या हातीं होत्या त्या भाजी चिरावयाच्या सुऱ्या आणि तिखटाची पूड. म्हणजे स्वयंपाकघरच उठून न्यायालयांत आलें होतें. २०१४ मध्यें आरोपी पुराव्याअभावीं सुटले. या कृत्याचा गौरव आम्हीं करणार नाहीं, आणि त्या स्त्रियांस दोष देण्याचें धैर्यही आमच्या अंगीं नाहीं. पुढें दिल्लींतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्यें मुंबईंत शिवसेनेनें स्त्रियांस लहान चाकू वांटले. हेतूविषयीं शंका न घेतांही इतकें म्हणतां येतें कीं तो चाकू वांटलेला होता, निवडलेला नव्हता.

कायदा काय म्हणतो? १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें केवळ घरगुती व शेतीच्या उपयोगासाठीं केलेल्या वस्तु शस्त्रांतून वगळल्या, आणि त्याखालच्या १९६२ च्या नियमांनीं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार हत्यारांच्या वर्गांत घातले. तीन इंची घडीचा चाकू त्या मापाच्या पुष्कळ आंत राहतो. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या ३७ व्या कलमान्वयें मनाईहुकूम निघाला, तर त्या मुदतींत त्या ठिकाणीं साधा चाकूही जवळ बाळगतां येत नाहीं. विमानांत तर तो हातच्या सामानांत चालतच नाहीं. स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंडसंहितेंत होता, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आला. बलात्काराच्या उद्देशानें हल्ला झाल्यास हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत तो पोंचतो. पण आवश्यकतेहून अधिक इजेस तेथें संरक्षण नाहीं.

आमचें मत विचाराल, तर घडीचा लहान चाकू हें झटापटीचें साधन नव्हे. अंधारांत, घाबरल्या हातानें तो उघडणें कठीण. उघडला तरी तो हिसकावला जाण्याचें किंवा आपलींच बोटें कापण्याचें भय मोठें. त्याची योग्यता इतरत्र आहे: पोत्याची सुतळी, संत्र्याचें साल, पार्सलाची दोरी, शेतांतील ठिबकाची नळी. म्हणून निवड त्या कामांवरून करावी. पातें अडीच-तीन इंचांचें. उघडल्यावर घट्ट अडकून राहणारें, कारण न अडकणारें पातें भार पडतांच बोटांवर मिटतें. मूठ आपल्या तळहातास भरावी, दुकानदाराच्या नव्हे. साध्या पोलादास धार लवकर लागते, पण पावसाळ्यांत तें गंजतें. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनीं १९१३ मध्यें गंजरोधक पोलाद काढलें, तें दमट हवेंत सोयीचें. धार मात्र सहाणेवर अधिक वेळ मागते. फ्रान्सांतील सॅव्हॉयमध्यें ओपिनेल यांनीं १८९० पासून शेतकऱ्यांसाठीं लांकडी मुठीचे चाकू केले व पुढें त्यांस आकारानुसार क्रमांक दिले. हातास जो बसेल तो घ्यावा. बायकांचा म्हणून वेगळा, गुलाबी, नाजूक असा त्यांत नाहीं, ही गोष्ट आम्हांस शहाणपणाची वाटते.

एक अडचण उरते, आणि ती लोहाराच्या हातची नाहीं. चाकू ठेवावयाचा कोठें? पिशवींत टाकिला तर किल्ल्या, कंगवा आणि तिकिटें यांच्याखालीं तो बुडतो. कनवट गेली, चंची गेली, आणि बायकांच्या तयार कपड्यांस खिसा एकतर नसतो किंवा दोन बोटांपुरता असतो. तेव्हां मौद्याच्या त्या तरुणीनें चाकूच्या दुकानाआधीं शिंप्याकडे जावें, आणि कुडत्यास उजव्या बाजूनें वीतभर खोल, जाड कापडाचा खिसा लावून घ्यावा.