समुद्र नाही, तरी पाणी बिघडतं कसं? भूजलाचा हिशोब समजून घ्या

चंद्रपूर/गडचिरोली : सरकारी अहवालात तालुका 'सुरक्षित' आणि एप्रिल लागला की गावातला बोअर हवा फेकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अहवालातला आकडा मोठ्या क्षेत्राची सरासरी असतो, विहीर मात्र एका जागी असते.

जमिनीत वर्षाला जेवढं वापरण्याजोगं पाणी मुरतं, त्याच्या किती टक्के उपसा होतो यावरून ही वर्गवारी ठरते. 70 टक्क्यांपर्यंत सुरक्षित, 70 ते 90 अंशतः शोषित, 90 ते 100 शोषित आणि 100 च्या वर गेलं की अतिशोषित. यासाठी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते.

हाच हिशोब आपल्या बांधावर करून पाहा. गडचिरोलीकडे आणि मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी भागात खाली बहुतेक ग्रॅनाइटसारखा कठीण दगड आहे. अशा दगडात पावसाचं साधारण 11 टक्केच पाणी मुरतं असं धरतात. 1,300 मिलिमीटर पाऊस पडला तर एका एकरावर मुरणारं पाणी होतं सुमारे 5 लाख 80 हजार लिटर. तासाला 20 हजार लिटर फेकणारी मोटर ते 29 तासांत बाहेर काढते. रोज आठ तास लाईन असली तर चार दिवसही पुरत नाही.

आता उन्हाळी धान घ्या. हंगामाला 1,200 मिलिमीटर पाणी धरलं तर एकराला 48 लाख लिटरच्या वर लागतं. पाणी वर असलेल्या भागात धानाच्या बांधीतून 45 टक्के परत मुरतं असं सरकारी पद्धत मानते. ते वजा केलं तरी एका एकराच्या उन्हाळी धानाला साडेचार एकरांवर मुरलेला पाऊस लागतो. मामा तलावात पाणी टिकलं तर तेही रोज थोडं थोडं खाली झिरपतं, म्हणून तलावाखालच्या विहिरी उशिरा आटतात. गाळाने भरलेला तलाव हिशोबातून आपोआप कमी होतो.

सरासरीच्या पुढे जायचं तर मॉडेल करावं लागतं. भागाचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात दगड कोणता, पाऊस किती, उपसा किती हे भरायचं आणि पाणी कुठून कुठे सरकेल हे कॉम्प्युटरवर काढायचं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं 'मॉडफ्लो' त्यासाठी जगभर वापरतात. उत्तर निरीक्षण विहिरींशी जुळलं तरच मॉडेलवर भरवसा ठेवायचा. अडचण अशी की शेतातल्या मोटरला पाण्याचा मीटर नसतो, म्हणजे उपसा अंदाजानेच भरला जातो. वर्धा खोऱ्यातल्या उघड्या कोळसा खाणींतून पाणी सतत उपसावं लागतं, आणि आजूबाजूच्या वाळूच्या दगडातलं पाणी त्या खड्ड्याकडे ओढलं जातं. तालुक्याच्या सरासरीत हा खड्डा दिसत नाही, चौकोन बारीक असले तर दिसतो.

अशी मॉडेलं समुद्रकाठी फार कामाची ठरली. गोडं पाणी हलकं, खारं जड. म्हणून किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे 40 मीटर गोडं असतं. वरचं एक मीटर उपसलं की खारं पाणी हळूहळू 40 मीटर वर येऊ शकतं. चेन्नईजवळ मिंजूर भागात 1969 मध्ये खारं पाणी 3 किलोमीटर आत आलं होतं, 1983 पर्यंत ते 7 किलोमीटरवर पोहोचलं. कारण एकच, अति उपसा.

आपल्याकडे समुद्र नाही. पण चांगलं पाणी संपलं की खालचं वाईट पाणी हाती येतं, एवढं इथंही लागू आहे. वरचा झिजलेला थर कोरडा पडला की माणूस खोल बोअर मारतो. खालचं पाणी दगडात वर्षानुवर्षे अडकून राहिलेलं असतं आणि दगडातलं फ्लोराइड त्यात उतरलेलं असू शकतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांत ते मर्यादेबाहेर सापडलं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. त्याच्या वर वर्षानुवर्षे प्यायलं तर आधी लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात.

फ्लोराइड डोळ्याला दिसत नाही, चवीला कळत नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे प्रमाण वाढतं. बोअर किंवा हातपंपाचा नमुना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत प्रयोगशाळेत देता येतो. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तपासावं, कारण मे महिन्यातलं पाणी आणि ऑक्टोबरमधलं पाणी सारखं नसतं. 'फ्लोराइड तपासा' असं नमुना देतानाच सांगावं, कारण जंतूंची तपासणी वेगळी असते.