सहा फॅटची रेष

मंडळी, आज जरा लांबण लागेल, पण विषय आपल्या गोठ्याचा आहे. चहा घेऊन बसा.

२०२० चा जुलै आठवतो? हॉटेलं बंद, लग्नं बंद, मिठाईची दुकानं बंद. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात गाईच्या दुधाला लिटरमागे अठरा-वीस रुपये हातात पडत होते. राज्य सरकार २५ रुपये दरानं रोज १० लाख लिटर दूध घेऊन त्याची पावडर करत होतं, तरी दूध उरत होतं. आणि नेमकं जूनमध्ये केंद्रानं १० हजार टन दूध पावडर फक्त १५ टक्के जकातीत आणायची मुभा दिली. राज्यभर आंदोलन झालं, दूध रस्त्यावर ओतलं गेलं. आमच्या ओट्यावर आप्पांनी मला विचारलं, "तू ते शिकेल शे ना रे? आपलंच दूध उरी ऱ्हायनं, मंग बाहेरनं कसाले?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून वाचायला लागलो. जे सापडलं ते असं.

जगात कुठलाही माल सीमेवर आला की त्याला नावानं नाही, आकड्यानं ओळखतात. हे आकडे ठरवणारा करार १९८३ मध्ये ब्रुसेल्सला झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून लागू झाला. भारतानं आपलं सीमाशुल्काचं कोष्टक १९८६ मध्येच त्या धर्तीवर बदललं. त्यात चौथं प्रकरण दूधदुभत्याचं. ०४०१ म्हणजे न आटवलेलं, साखर न घातलेलं दूध आणि साय. ०४०२ म्हणजे आटवलेलं किंवा साखर घातलेलं, पावडर इथंच. ०४०५ मध्ये लोणी-तूप, ०४०६ मध्ये चीज-पनीर.

आता ०४०१ च्या पोटात बघा. एक टक्क्यापर्यंत फॅट, हा पहिला खाना. एकच्या वर ते सहा, हा दुसरा. सहाच्या वर ते दहा, तिसरा. दहाच्या वर, चौथा. २०१२ पर्यंत सहाच्या वर एकच खाना होता, तेव्हा त्याचे दोन केले. दूध कुठं संपतं आणि साय कुठं सुरू होते, हे कोष्टक सांगत नाही. ते फक्त फॅट मोजतं.

आपल्या पिशव्या यात बसवून पाहा. टोन्ड दूध ३ फॅटचं, ते दुसऱ्या खान्यात. डबल टोन्ड दीड फॅटचं. आपण त्याला कमी फॅटचं, डॉक्टरनं सांगितलेलं दूध म्हणतो, पण जकातीच्या हिशोबानं तेही दुसऱ्याच खान्यात. पहिल्यात जातं ते फक्त स्किम, अर्ध्या टक्क्याच्या आतलं. फुल क्रीम बरोबर ६ वर, म्हणजे अगदी रेषेवर. आणि आपल्या म्हशीचं? डेरीवर म्हशीच्या दुधाचा दर ६ फॅट, ९ एसएनएफ धरून निघतो. चांगल्या म्हशीला सात सहज लागते. म्हणजे सकाळी किटलीत काढलेलं निखळ दूध, काहीही न करता, पातळ सायीच्या खान्यात जाऊन बसतं!

आज यानं आपल्या खिशाला काही फरक पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. भारतात या चारही खान्यांवर जकात सारखीच आहे. पण सहावर ओढलेल्या रेषेला गाईच्या दुधाचं माप बरोबर बसतं, म्हशीचं बसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

खरा खेळ पावडरीचा. १८७८ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हाल यांनी फिरत्या यंत्रानं साय वेगळी करायची सोय केली. पुढं युरोपात लोणी एवढं निघायला लागलं की मागं उरलेल्या स्किम दुधाचं करायचं काय, हा प्रश्न झाला. त्याची पावडर झाली. आपल्याकडं दारा खुरोडी यांनी १९४६ मध्ये मुंबईत म्हशीच्या घट्ट दुधात स्किम पावडर आणि पाणी घालून टोन्ड दूध काढलं. शहराला स्वस्त दूध मिळालं. १९७० मध्ये दूध महापूर योजना आली. तिच्या पहिल्या टप्प्यासाठी युरोपकडून १ लाख २६ हजार टन स्किम पावडर आणि ४२ हजार टन बटर ऑइल दान म्हणून ठरलं. ते मोठ्या शहरांत दूध करून विकायचं आणि आलेल्या पैशातून सहकारी संघ उभे करायचे, अशी योजना. दानाच्या पावडरीवर आपली डेरी उभी राहिली, हे नाकारायचं कारण नाही.

पण त्या काळातली एक गोष्ट मागं राहिली. गॅट करारात आपण दूध पावडरीवर शून्य जकात बांधून दिलेली होती. आयातीवर सरकारचा परवाना होता तोवर ती कुणाला टोचली नाही. नव्वदीच्या अखेरीस परवाने उठायला लागले आणि दार सताड उघडं असल्याचं लक्षात आलं. मग पुन्हा वाटाघाटी कराव्या लागल्या. २००० मध्ये तोडगा निघाला: जकात ६० टक्के, पण वर्षाला १० हजार टन १५ टक्क्यांत येऊ द्यायचं.

आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. २०२० मधला तो १० हजार टनांचा आकडा वीस वर्षांपूर्वीचा होता. शून्य काढून साठ लावायची ती किंमत होती. वाटाघाटी करणाऱ्यांनी तेव्हा दूध उत्पादकाला वाचवलंच. पण कोरोनाच्या उन्हाळ्यात ते दार उघडायची वेळ चुकली, हे माझं मत मी बदलणार नाही.

आता हे आज का लिहितोय? अमेरिका असो, न्यूझीलंड असो, कुठल्याही कराराची बातमी आली की आपण एकच ओळ वाचतो: "दूध वगळलं." २०१९ मध्ये आपण आरसेपमधून बाहेर पडलो, त्यात दुधाचं कारण मोठं होतं. ते बरंच झालं. पण दुधातून निघणारं सगळं चौथ्या प्रकरणात नाही. लॅक्टोज १७०२ मध्ये, बाळाचं दूधयुक्त खाणं १९०१ मध्ये, केसीन ३५०१ मध्ये, दुधातला अल्ब्युमिन ३५०२ मध्ये. "दूध वगळलं" म्हटलं तरी या आकड्यांचं काय ठरलं, हे वेगळं विचारावं लागतं.

आपण डेरीवर पॉइंट एक फॅटसाठी भांडतो. मापाड्यानं ६.२ चं ६.१ लिहिलं तर दिवसभर घरात तोंड पाडून बसतो. ते बरोबरच आहे, त्यात आपला घाम आहे. तीच नजर या कोष्टकावरही हवी. जळगाव-धुळ्याचे खासदार पुढच्या वेळी गावात आले की हार घाला, चहा पाजा आणि हे चार आकडे त्यांच्यापुढं ठेवा.

आप्पांना मी हे सगळं कोष्टक काढून समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे आपली म्हैस साय देस!" आणि धार काढायला उठले.