पाण्यांतून वर येण्याची विद्या

समुद्रांत खोल बुडी मारणें अवघड, कीं बुडी मारून वर येणें अवघड, असा प्रश्न कोणी केला तर बहुतेक लोक पहिल्याच पक्षाला कौल देतील. परंतु गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास उलट साक्ष देतो. दाबाखालीं काम करणारा मनुष्य खालीं असेपर्यंत सहसा सुखरूप असतो. त्याचा घात होतो तो वर आल्यावर. पाणबुड्यांच्या मनगटावर घड्याळासारखें जें एक यंत्र आज दिसतें, आणि ज्याला ते डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात, तें या घातापासून वांचण्यासाठींच निघालें. मालवण-तारकर्लीच्या उथळ पाण्यांत प्रवाळ पाहून येणाऱ्या हौशी मनुष्याला त्याची फारशी चिंता करावी लागत नाहीं. पण ज्याला अधिक खोल जाऊन अधिक वेळ राहावयाचें आहे, आणि म्हणून वर येतांना टप्प्याटप्प्यानें थांबणें भाग आहे, त्यानें तें विकत घेण्यापूर्वीं त्याची वंशावळ एकदां पाहावी.

मूळ कारण असें. समुद्रांत दर ३३ फुटांना दाब एका वातावरणानें वाढतो. त्या दाबाखालीं श्वासावाटे घेतलेल्या हवेंतील नायट्रोजन रक्तांत व मांसमेदांत विरघळून राहतो. मनुष्य सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. एकदम आला तर सोडावॉटरच्या बाटलीची गोटी दाबतांच आंतून बुडबुडे उसळावे, तसा प्रकार त्याच्या शरीरांत होतो. रॉबर्ट बॉइलनें १६७० सालीं निर्वात पात्रांत ठेवलेल्या एका सापाच्या डोळ्यांत असा बुडबुडा इकडून तिकडे सरकतांना पाहिला होता. परंतु त्याचा माणसाशीं संबंध जुळण्यास दोन शतकें जावीं लागलीं.

आणि तो जुळला तो पाणबुड्यांमुळें नव्हे, तर खाणींत व पुलांच्या पायांत राबणाऱ्या मजुरांमुळें. १८४१ सालीं त्रिजे नांवाच्या फ्रेंच इंजिनियरानें ल्वार नदीकांठीं खाणीचा कूप खणतांना दाबलेल्या हवेनें पाणी बाहेर लोटून ठेवण्याची युक्ति काढली, आणि आंतून बाहेर आलेल्या दोन मजुरांचे सांधे दुखूं लागल्याची नोंदहि करून ठेवली. पुढें हीच युक्ति पुलांना लागू झाली. तळ नसलेली एक प्रचंड पेटी नदींत उतरवावयाची, आंत दाबाची हवा भरावयाची, आणि मजुरांनीं कोरड्या तळावर उभें राहून गाळ उपसावयाचा. या पेटीला केसन म्हणत. सेंट लुई येथें मिसिसिपीवर पूल होत असतां केसनमधून बाहेर पडलेले मजूर वांकून चालूं लागले, कित्येकांचे पाय लुळे पडले, आणि दहाहून अधिक जण दगावले. कारण ठाऊक नसल्यामुळें जस्ताचे व चांदीचे तुकडे गुंफलेले पट्टे अंगावर बांधण्याचा तोडगा त्या मजुरांत चाले. आपल्याकडील गंडेदोऱ्यांना हंसणारांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें!

ब्रुकलिनच्या पुलाची कथा याहून प्रसिद्ध आहे. त्याचा मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ सालीं स्वतःच या विकारानें पंगु झाला, आणि पुढें पुलाच्या कामावर त्याच्या सूचना घेऊन त्याची पत्नी एमिली जाऊं लागली. पण मला त्याचा एक निर्णय अधिक मोलाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या बाजूची पेटी ७८ फुटांवर पोंचली तेव्हां खडक अजून खालीं होता, आणि माणसें मरूं लागलीं होतीं. त्यानें खडकाचा हट्ट सोडला व घट्ट वाळूवरच पाया थांबविला. तो मनोरा आजहि वाळूवर उभा आहे.

हे बुडबुडे नायट्रोजनचे, हें पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालच्या आपल्या ग्रंथांत सप्रयोग दाखविलें, आणि दाब सावकाश उतरवावा असा सल्ला दिला. पण सावकाश म्हणजे किती? याचें उत्तर जॉन स्कॉट हॉल्डेन यानें दिलें, आणि तें त्याला बकऱ्यांकडून मिळालें. ब्रिटिश आरमाराच्या समितीसाठीं लंडनच्या लिस्टर संस्थेंतील पोलादी कोठींत बकऱ्या कोंडून त्यानें दाब चढविला व उतरविला. बकरीच्या सांध्यांत कळ आली कीं ती पाय उचलून धरते; तें पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाहीं. त्याला असें आढळलें कीं, दोन वातावरणांच्या दाबांतून एकावर एकदम आणलें तरी अपाय होत नाहीं. यावरून सहांवरून तिहींवर, चोहोंवरून दोहोंवर येण्यासहि हरकत नसावी, असें त्यानें अनुमान बांधलें. शरीराचे त्यानें पांच काल्पनिक भाग कल्पिले: एक ५ मिनिटांत निम्मा भरणारा, दुसरा १० मिनिटांत, आणि असेच पुढें २०, ४० व ७५ मिनिटांत. सर्व वाट एकाच संथ गतीनें वर येण्याची जुनी रीत त्यानें चुकीची ठरविली. कारण तसें करतांना मनुष्य खोल पाण्यांतच रेंगाळतो व त्याचे मंद भाग आणखी भरत राहतात. आधीं बरेंच अंतर झपाट्यानें यावें आणि मग थांबत थांबत यावें, हा त्याचा शोध.

१९०६ सालीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर डॅमंट व कॅटो हे दोघे आरमारी पाणबुडे या हिशेबानें २१० फुटांपर्यंत जाऊन सुखरूप परतले. त्याच वेळीं हॉल्डेनचा तेरा वर्षांचा मुलगाहि मोठ्या माणसाचा गळका पोशाख घालून पाण्यांत उतरला होता. तोच पुढें प्रसिद्धीस आलेला जे. बी. एस. हॉल्डेन, १९५७ सालीं तो हिंदुस्थानांत येऊन स्थायिक झाला, येथील नागरिक बनला, आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारला. तक्ते १९०८ सालीं छापून निघाले. डॅमंटनें पुढें १९१७ पासून आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या 'लॉरेंटिक' जहाजांतील सोन्याच्या ३,२११ विटांपैकीं ३,१८६ वर काढल्या. त्या कामांत पांच हजारांहून अधिक बुड्या झाल्या, पण मनुष्य एकहि मेला नाहीं.

तक्त्याला मात्र एक खोड असते. मनुष्य सर्व वेळ सर्वांत खोल जागींच होता असें तो धरून चालतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं १९५९ सालीं इटलींत एक उपकरण निघालें. सच्छिद्र चिनीमातीच्या खड्यांतून वायु झिरपे, आणि त्यावरून कांटा फिरे. एकच खडा म्हणजे शरीराचा एकच भाग, त्यामुळें तें फार भरंवशाचें नव्हतें. झूरिक येथील ब्यूलमान या वैद्यानें हॉल्डेनचे पांच भाग वाढवून सोळापर्यंत नेले. त्यांतील सर्वांत मंद भाग निम्मा भरण्यास ६३५ मिनिटें लागतात. १९८३ सालीं 'एज' व 'डेकोब्रेन' हीं विजेवर चालणारीं गणकयंत्रें बाजारांत आलीं, आणि हा सारा हिशेब पाण्याखालीं क्षणोक्षणीं होऊं लागला.

येथें नवशिक्याची फसगत होते. रक्तांतील नायट्रोजन यांपैकीं कोणतेंहि यंत्र मोजीत नाहीं. तें पाण्याचा दाब व वेळ मोजतें; शरीराचा तें अंदाज करतें. तो अंदाज चुकूं शकतो. पहिला थांबा पुष्कळ खोलवर घ्यावा, म्हणजे बुडबुडे वाढणारच नाहींत, असें एक मत विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठें लोकप्रिय झालें व यंत्रांतहि शिरलें. अमेरिकन आरमारानें १७० फुटांवरील बुड्यांत त्याची परीक्षा घेतली व २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: वर येण्यास लागणारा एकंदर वेळ सारखाच, पण खोल थांब्यांच्या १९८ बुड्यांत १० जणांना विकार झाला, उथळ थांब्यांच्या १९२ बुड्यांत तिघांना.

म्हणून यंत्र निवडतांना पडद्याचा रंग शेवटीं पाहावा. तें कोणाचा हिशेब वापरतें, आणि ती मर्यादा किती आंत ओढावयाची हें धारकाला ठरवितां येतें कीं नाहीं, हें आधीं विचारावें. वरच्या थांब्यांवर प्राणवायु अधिक असलेली हवा घ्यावयाची असेल तर ती बदललेली त्याला सांगतां आली पाहिजे. हौशी लोकांसाठीं केलेलीं कांहीं यंत्रें एक थांबा चुकतांच रागावलेल्या पंतोजीप्रमाणें हिशेब देणेंच बंद करतात. अशांचा येथें उपयोग नाहीं. आणि सर्वांत आधीं शिक्षक गांठावा. बुडी सुरू करण्यापूर्वीं थांब्यांचा तक्ता हातानें काढून पाटीवर लिहून न्यावा, व जवळ दुसरें यंत्र ठेवावें. दोन यंत्रांचें एकमत झालें नाहीं तर जें अधिक वेळ थांबावयास सांगतें, त्याचें ऐकावें.