ताहितीच्या राणी चौथ्या पोमारे (कारकीर्द १८२७-१८७७)

प्रशांत महासागरातील ताहिती बेटावर राणी चौथ्या पोमारे यांनी पन्नास वर्षे राज्य केले. त्यांचा जन्म १८१३ साली झाला. मूळ नाव आइमाता. बंधू तिसरे पोमारे बालवयातच निवर्तल्याने त्या १८२७ मध्ये गादीवर आल्या. लंडन मिशनरी सोसायटीचे प्रोटेस्टंट मिशनरी १७९७ पासून बेटावर कार्यरत होते आणि राणीच्या पित्याने त्यांच्याकडूनच बाप्तिस्मा घेतला होता.

१८३६ साली येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघाचे फादर लावाल व फादर कारे हे मांगारेवा बेटावरून ताहितीला आले. (संत डेमियन पुढे याच संघाचे सभासद झाले.) प्रोटेस्टंट मिशनरी जॉर्ज प्रिचर्ड यांचे राणीवर मोठे वजन होते. राणीने दोन्ही धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले.

फ्रान्सने ही घटना निमित्त म्हणून वापरली. १८३८ मध्ये द्युपती-थुआर हे युद्धनौका घेऊन आले व त्यांनी माफी आणि २००० स्पॅनिश डॉलर दंड वसूल केला. १८३९ मध्ये लाप्लास यांनी कॅथलिक उपासनेला मोकळीक मिळवली. १८४२ मध्ये ताहिती फ्रान्सचे संरक्षित राज्य झाले. राणीने इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला साहाय्यासाठी पत्रे लिहिली, पण मदत आली नाही. १८४४ मध्ये युद्ध पेटले आणि राणीने रायातेआ बेटाचा आश्रय घेतला. १८४६ च्या अखेरीस ताहितीच्या लढवय्यांचा पराभव झाला. १८४७ मध्ये राणी परतल्या व १८७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत फ्रेंच संरक्षणाखाली गादीवर राहिल्या. त्यांचे पुत्र पाचवे पोमारे यांनी १८८० साली राज्य फ्रान्सच्या स्वाधीन केले.

हा इतिहास आपण कॅथलिकांनी प्रांजळपणे वाचावा, असे आम्हांस वाटते. धर्मगुरूंना हाकलणे हा अन्यायच होता. परंतु तोफांच्या धाकाने मिळवलेली मोकळीक ताहितीच्या जनतेला स्वातंत्र्यहरणाची पहिली पायरी ठरली. उपासनेच्या बाबतीत कोणावरही सक्ती नसावी, ही शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत मांडली. आज पापेएते येथे कॅथलिक महाधर्मप्रांत आहे आणि १८७५ पासूनचे कॅथेड्रल तेथे उभे आहे. तरीही राणीचा प्रोटेस्टंट पंथ बेटावर आजही खोलवर रुजलेला आहे. या दोन्ही मंडळ्या शेजारी म्हणून नांदतात, ही समाधानाची बाब होय.