भक्त, भगत आणि भात

‘भक्त’ हा शब्द हल्ली वादात शिवीसारखा फेकला जातो. बुद्धी गहाण टाकलेला अनुयायी, एवढाच त्याचा अर्थ उरल्यासारखा वाटतो. त्याच्या मुळाविषयी हा छोटा धागा. 🧵

संस्कृतातील धातू ‘भज्’. अर्थ : वाटणे, वाट्याला येणे, सेवन करणे, आश्रय घेणे. भाग, भाजक, भागाकार ही सारी याच कुळातली मंडळी. ‘विभक्त कुटुंब’ म्हणजे वाटे पडलेले कुटुंब.

वाटून दिलेले ते ‘भक्त’. म्हणून शिजवलेल्या अन्नालाही संस्कृतात भक्त म्हणत. त्याचे प्राकृतात ‘भत्त’ झाले आणि मराठीत ‘भात’! वरणाखालचा भात आणि देवळातला भक्त मुळात एकच शब्द.

याचेच तिसरे रूप ‘भगत’. पवईला लागून असलेल्या आरेच्या पाड्यांवरील वारली समाजात भगत म्हणजे देवकार्य करणारा, औषधपाणी जाणणारा माणूस. तो कुणाच्या मागे चालत नाही. उलट लोकच त्याच्याकडे जातात.

पाणिनीने ‘ज्याची ज्यावर भक्ती’ या अर्थाचे प्रत्यय सांगितले आहेत. त्यांनुसार वासुदेवाचा भक्त तो ‘वासुदेवक’ आणि अपूपांचा, म्हणजे घारग्या-वड्यांसारख्या गोड पदार्थांचा शौकीन तो ‘आपूपिक’. व्याकरणाला दोघेही सारखेच! भक्ती म्हणजे येथे केवळ ओढ.

‘भग’ म्हणजे वाटा, भाग्य, ऐश्वर्य. ते ज्याच्यापाशी आहे तो भगवंत. वाटा राखणारा आणि वाटेकरी, दोघांची नावे एकाच धातूची. भगवंताचा तो ‘भागवत’. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस विदिशेजवळ गरुडस्तंभ उभारणारा ग्रीक राजदूत हेलिओडोरस स्वतःला भागवत म्हणवतो. वारकरी पंथालाही आपण भागवत धर्मच म्हणतो.

आता, मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. शब्द बदलतात, आणि व्युत्पत्ती दाखवून कुणाचे तोंड बंद करता येत नाही. तरी ‘भक्त म्हणजे मुळातच आंधळा’ असे कुणी म्हणाले, तर त्याला भाषेचा आधार नाही, हे ठामपणे सांगता येते.

जाता जाता : पवईच्या उत्तरेला, डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. बौद्ध गृहस्थ अनुयायासाठी तेथे वेगळाच शब्द येतो : उपासक. उप + आस्, म्हणजे जवळ बसणारा.